कोर्लईचे चॅपेल आणि दरवर्षीची शाकारणी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी संगणकावर बोलावे. गेली वीस-बावीस वर्षे माझे पोट त्यावरच चालले आहे, त्यामुळे अपेक्षा रास्तच होती. पण त्या विषयावर रोज बोलणारी माणसे तुम्हाला मोबाइलवर हवी तेवढी भेटतात. म्हणून मी परवानगी मागितली की मला एका लहान वास्तूबद्दल बोलू द्या. ती आपल्या गावातली नाही, आपल्या ओळखीच्या कुणी बांधलेली नाही, आणि तिला आज छप्परही नाही. तरी ती आजच्या दिवशी का सांगावीशी वाटली, ते शेवटी सांगते.

आपण छत्रपती संभाजीनगरची माणसे, म्हणजे आपल्या शाळेच्या वेळचे औरंगाबादचे. आपले डोळे लहानपणापासून भव्य गोष्टींना सरावलेले आहेत. सहल निघाली की वेरूळ, नाहीतर दौलताबाद, नाहीतर अजिंठा. पाहुणे आले की मकबरा. एक अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणून त्यातून कैलास लेणे काढणाऱ्यांच्या शेजारी आपण वाढलो. याचा एक तोटा असा, की चार भिंतींची साधी वास्तू समोर आली तर आपण "इथे बघायला काही नाही" म्हणून पुढे जातो. कोर्लईच्या किल्ल्यावर गेलेले बरेच जण तिथल्या चॅपेलबद्दल हेच म्हणतात. फोटो काढतात आणि समुद्राकडे वळतात.

कोर्लई रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात आहे. अलिबागहून दक्षिणेला गेले की रेवदंडा लागतो. तिथे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. खाडीच्या अलीकडे रेवदंडा आणि पलीकडे समुद्रात शिरलेला एक लांबट, चिंचोळा डोंगर. त्या डोंगरावर किल्ला, पायथ्याशी कोर्लई गाव आणि टोकाकडे दीपगृह. किल्ला लांबीला सुमारे २,८०० फूट आणि रुंदीला सरासरी नव्वद फूटसुद्धा नाही. एखाद्या लांबलचक गलबतासारखी तटबंदी डोंगराच्या कण्यावर बसवली आहे. आत-बाहेर मिळून अकरा दरवाजे. चढत चढत सगळ्यात वरच्या भागात गेलो की पावसाचे पाणी साठवायचे टाके, दारूकोठाराचे अवशेष आणि ते चॅपेल दिसते.

हे सगळे आपल्यापासून फार लांबचे वाटेल, पण तसे नाही. चौल हे दख्खनचे फार जुने बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला हिंदुस्थानात आला, तो चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला गेला. पुढे हे बंदर अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते. याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आपले शहर. देवगिरीचा किल्लाही शेवटी शेवटी निजामशाहीचाच होता. म्हणजे ज्या राज्याच्या एका टोकाला आपण राहतो, त्याच राज्याचा समुद्राकडचा दरवाजा चौल होता. घोडे तिथे उतरत आणि दख्खनचे कापड तिथून बाहेर जाई.

पोर्तुगीजांना हा दरवाजा हवा होता. पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाच्या परवानगीने त्यांनी १५२१ पासून रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. घरोबा फार काळ टिकला नाही. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशाहाने त्या कोटाला कित्येक महिने वेढा घातला, पण तो पडला नाही. मग १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरच मजबूत केला. तिथून तोफा लावल्या की रेवदंड्याच्या कोटाचा आणि नदीच्या तोंडाचा श्वास कोंडता येत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्तुगीजांनी चढाई करून तो डोंगर घेतला, आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षे तो त्यांच्याकडे राहिला.

किल्ला हाती आला की पोर्तुगीज दोन कामे करत. बुरुजांना संतांची नावे देत, आणि शिबंदीसाठी प्रार्थनेची जागा बांधत. चर्च आणि चॅपेल यांत आपण फरक करत नाही, पण तो आहे. चर्च म्हणजे एका धर्मग्रामाची मुख्य जागा. तिथे कायमचा धर्मगुरू असतो, बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या असतात. कोकणातले जुने ख्रिस्ती लोक तिला 'इगर्ज' म्हणतात. चॅपेल म्हणजे लहान, एखाद्या वाडीसाठी, किल्ल्यासाठी किंवा वाड्यासाठी बांधलेले देवघर. आपल्याकडे गावाचे मोठे मंदिर आणि वेशीवरचे मारुतीचे देऊळ यांत जसा फरक, तसाच.

कोर्लईच्या वरच्या भागात काय काय एकत्र आहे ते पाहा: पाणी, दारूगोळा आणि देव. बाकीचा किल्ला पडला तरी शेवटच्या तटाच्या आत हे तिन्ही उरले पाहिजेत, असा तो हिशेब दिसतो. टाक्याला वर तीन लहान तोंडे आहेत, एकेक जेमतेम फूटभर रुंद. पाणी उन्हाने आटू नये आणि घाण पडू नये म्हणून इतकी लहान. वेढ्यात अडकलेल्या माणसाला या तिन्ही जागा शेजारी शेजारी का हव्या होत्या, ते तिथे उभे राहिल्यावर कळते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि आपण मधल्या चिंचोळ्या पट्टीवर.

आता वास्तूबद्दल. पोर्तुगीजांची अशी लहान चॅपेले वसईपासून गोव्यापर्यंत साधारण एकाच साच्यातली असतात. एक लांबट आयताकृती दालन, त्यात लोक उभे राहणार. त्याच्या टोकाला थोडी अरुंद जागा, तिथे वेदी. दोन्हींच्या मध्ये दगडी कमान. दर्शनी भिंतीत एक दार, वर एखादी खिडकी, त्यावर त्रिकोणी माथा. भिंती जाड, दगडाच्या आणि चुन्याच्या. आपल्या देवळात सभामंडप आणि गाभारा असतो, मध्ये उंबरा असतो. इथे दालन आणि वेदी, मध्ये कमान. देव कुठला का असेना, उभे राहायची जागा आणि हात जोडायची जागा माणूस वेगळी काढतोच.

या साच्यातला महत्त्वाचा भाग छपराचा आहे. पुष्कळ ठिकाणी वेदीवर दगडी घुमटी किंवा दगडी कमानीचे छत असे, पण लोकांच्या दालनावर लाकडाचे आढे, वासे, रीपा आणि वर नळीची कौले. कारण सरळ आहे. मोठ्या दालनावर दगडी छत घालायचे तर भिंती दुप्पट जाड हव्यात आणि कारागीर महाग. लाकूड आणि कौल स्वस्त, गावातला सुतार आणि गावातला कुंभार करू शकत होता. आज आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो ते तेव्हा नव्हतेच. बासेल मिशनने मंगळूरला त्याचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी सगळीकडे अर्ध्या नळीसारखी कौले. एक उताणे, एक पालथे, असे ओळीने रचायचे. त्यांना खिळा नाही, खोबण नाही. स्वतःच्या वजनावर बसतात. वारा आला, मांजर धावले, माकड उतरले, की सरकतात.

म्हणून कोकणात एक काम दरवर्षी करावेच लागते. मृगापूर्वी घराची शाकारणी करायची. वर चढून सगळी कौले उतरवायची, फुटलेली बाजूला काढायची, रीपा तपासायच्या, कुजलेला वासा बदलायचा, आणि कौले पुन्हा चढवायची. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्यांचे आजोळ खेड्यात होते त्यांनी माळवदाची घरे पाहिली आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी पांढऱ्या मातीची पाटी डोक्यावर घेऊन शिडी चढायची, माती पसरायची, चोपायची, पन्हाळ मोकळे करायचे. एक वर्ष केले नाही तर छत गळते. चार वर्षे केले नाही तर तुळई कुजते. आणि आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्या किनाऱ्यावर दोन हजारांच्या पुढे.

आता इतिहास थोडा पुढे नेते. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा दिला. रेवदंडा आणि कोर्लई तेव्हाही पोर्तुगीजांकडेच राहिले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि कोर्लई घेण्यासाठी सुभानराव माणकर यांना पाठवले. १७४० च्या तहात पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांना दिले आणि त्या बदल्यात मराठ्यांनी गोव्यातली साष्टी सोडली. बुरुजांची नावे बदलली. सान दिएगोचा पुसाती बुरूज झाला, सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरूज झाला. १८१८ नंतर इंग्रज आले, तेव्हा अशा किल्ल्यांचे लष्करी कामच संपले.

या सगळ्या हकिगतीत चॅपेलवर कुणी तोफ डागून ते पाडले, असे कुठे येत नाही. मग ते पडले कसे? शिबंदी गेली. रविवारी तिथे जमणारे लोक गेले. लोक गेल्यावर मृगाआधी वर चढणारा माणूस गेला. पहिल्या वर्षी दोन कौले सरकली असतील. त्या फटीतून पाणी रिपेवर पडले. रीप कुजली, कौलांची ओळ खाली आली. मग वासा, मग आढे. छप्पर गेल्यावर भिंतीच्या माथ्यातून पाणी आत शिरते, चुना धुपतो, आणि सांध्यात पिंपळ-उंबराचे बी रुजते. प्रत्येक बेवारस दगडी वास्तूची हीच हकिगत आहे. दीडशे वर्षांच्या वेढ्या-लढायांतून जे उभे राहिले, ते शाकारणी थांबल्यावर थोडक्या पावसाळ्यांत उघडे पडले.

आज तिथे उभे राहिले की चार भिंती आहेत, कमान आहे, आणि छपराच्या जागी आभाळ. गवत गुडघ्याएवढे. वारा एवढा की बोललेले ऐकू येत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. ती संपत नाही, कारण डोंगराच्या पायथ्याशी गाव आहे. त्या गावात माउंट कार्मेलच्या मातेच्या नावाचे चर्च आहे, आणि तिथे आजही रविवारची मिस्सा होते. वरचे उघडे पडले, खालचे नांदते आहे. असे का झाले?

खालच्या वस्तीतले ख्रिस्ती लोक कोण, याचा अभ्यास झाला आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज शिपाई आणि इथली माणसे यांच्या संसारातून, आणि धर्मांतर केलेल्या गरीब, खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून हा समाज उभा राहिला. १७४० मध्ये ज्यांना जहाजात जागा होती ते गोव्याला गेले. ज्यांची भातशेती इथे होती ते इथेच राहिले. राजा गेला, पगार गेला, शिबंदी गेली. आपल्या चर्चला आता सरकारी तिजोरीतून काही येणार नाही, हे त्यांना समजले असणारच. पुढची पावणेतीनशे वर्षे त्या शेतकऱ्यांनी ते चालू ठेवले.

त्यांनी आणखी एक गोष्ट चालू ठेवली, ती म्हणजे भाषा. कोर्लईच्या या वस्तीत आजही एक भाषा बोलली जाते, जी जगात इतरत्र कुठेही नाही. बाहेरचे तिला क्रिस्ती म्हणतात, काही बोलणारे 'नोउ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. आपल्या शाळेच्या एका वर्षाच्या पटाएवढी! जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये या एका गावाच्या बोलीवर अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले.

माझ्यासारख्या बाईला यात विशेष रस वाटतो तो तिच्या बांधणीमुळे. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची रचना हळूहळू मराठीची झाली. पोर्तुगीज माणूस "मी खातो भाकरी" अशा क्रमाने बोलतो. आपण "मी भाकरी खातो" म्हणतो, क्रियापद शेवटी. कोर्लईची भाषा सुरुवातीला पोर्तुगीज क्रमाने चालायची, आणि शेजारपाजारच्या मराठीच्या सहवासात तिचे क्रियापद वाक्याच्या शेवटाकडे सरकत गेले. विटा लिस्बनच्या, रचणारा गवंडी आपल्याकडचा.

आणि उलटा व्यवहारही झालाच. तुम्ही आज सकाळी घरातून निघालात तेव्हा चावी घेतलीत, साबणाने हात धुतलेत, नाश्त्याला कुणी पाव खाल्ला, कुणी बटाट्याची भाजी. हे चारही शब्द पोर्तुगीजांकडून आले. पगार, लिलाव, तुरुंग, बिजागरी, हापूस, पपई, काजू, नाताळ हेसुद्धा तिकडचेच. गवंड्याच्या हातातले घमेलेही तिकडचेच. गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांमधल्या अशा शब्दांचा मोठा कोश काढला, त्यात मराठीचा वाटा भरपूर आहे. याच दालगादोंनी १९०६ मध्ये मुंबईपासून चौलपर्यंतच्या उत्तरेकडच्या पोर्तुगीज बोलींवरही लिहिले. त्यांतल्या मुंबई-वसई बाजूच्या बोली पुढे विझल्या. कोर्लईची उरली.

ती का उरली, याला अभ्यासक जी कारणे देतात ती ऐकायला गोड नाहीत. गाव एका कोपऱ्यात होते. धर्म वेगळा म्हणून शेजारच्या हिंदूंत सोयरीक होत नव्हती, आणि जातीमुळे व अंतरामुळे इतर ख्रिस्ती लोकांतही सहज होत नव्हती. म्हणजे लग्ने आपसातच, चूल आपसातच, बोलणे आपसातच. एकटेपणातून भाषा टिकली. त्याला नुसते कौतुकाचे हार घालणे मला बरे वाटत नाही. दुसरे कारण मात्र चर्चचे आहे. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकापर्यंत तिथे पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू येत राहिले. मिस्सा लॅटिनमध्ये, पण प्रार्थना आणि प्रवचनात पोर्तुगीज कानावर पडत असे. घरची बोली त्या भाषेची नातेवाईक आहे, हे लोकांना दर रविवारी ऐकू येई.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते १९६५. कॅथलिक चर्चने ठरवले की उपासना लोकांच्या भाषेत करायची. जगभर लॅटिन मागे पडली आणि कोर्लईत मराठी आली. मुले मराठी शाळेत जाऊ लागली, कामाला अलिबाग-मुंबईला जाऊ लागली. 'नोउ लिंग' घरातल्या ओसरीपुरती राहिली. तिला लिपी नाही, शाळा नाही, परीक्षा नाही. तिच्यावर एकच संस्था उभी आहे: संध्याकाळी घरी आल्यावर आई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, ती.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आपण मराठीवाले एरवी इंग्रजीच्या नावाने खडे फोडतो. कोर्लईत मराठी हीच मोठी भाषा आहे. आपल्या शाळेच्या प्रार्थनेची, आपल्या निबंधांची, आपल्या बाईंच्या फळ्यावरची मराठी तिथल्या घरात शिरताना एका लहान भाषेची जागा घेते. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. आईबाप मुलांच्या भल्याचेच बघतात. पण मोठी वस्तू लहान वस्तूवर सावली कशी टाकते ते तिथे दिसते, आणि ते आपल्याला माहीत असलेले बरे. कारण उद्या त्याच सावलीत आपणही असू, काही अंशी आहोतच.

आता खालच्या चर्चकडे परत येते. ते टिकले, पण जसेच्या तसे नाही. उपासनेची भाषा बदलली. वर जे गोठले ते उघडे पडले, आणि खाली जे रोज वापरले गेले ते बदलत बदलत राहिले. माउंट कार्मेलच्या मातेचा सण १६ जुलैला येतो, म्हणजे ऐन आषाढात, कोकणात छत्रीसुद्धा हार मानते त्या दिवसांत. त्या दिवशी चर्च गळून चालत नाही. तेव्हा त्याआधी कुणीतरी वर चढून पाहिलेलेच असते. शाकारणीची तारीख पंचांगात नसते, पण सण जवळ आला की ती आपोआप ठरते. वरच्या चॅपेलला सण उरला नाही, म्हणून तारीखही उरली नाही.

माझ्या धंद्यातही हेच आहे, एवढे एकच वाक्य संगणकावर बोलते, संयोजकांचे समाधान म्हणून. नवे सॉफ्टवेअर करायचे म्हटले की पैसा मिळतो, उद्घाटन होते, फोटो निघतात. दहा वर्षांचे जुने, ज्यावर रोज हजारो माणसांचे काम चालते ते सांभाळायला माणूस मागितला की विचारतात, "ते तर चालू आहे ना?" चालू आहे, कारण रात्री कुणीतरी त्याची कौले परतते आहे.

आणि आता, हे सगळे आजच्या दिवशी का सांगितले ते.

आपल्या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवला आहे. दरवाजाशी दगडी कमान उभारावी, तिच्यावर शाळेचे नाव आणि बॅचची वर्षे कोरावीत, असा विचार पुढे आला आहे. सूचना मनापासूनची आहे. ज्यांनी मांडली त्यांचे शाळेवरचे प्रेम मला ठाऊक आहे, आणि कमान सुंदरच होईल. पण मी काल दुपारी जुन्या इमारतीत फिरून आले. आपल्या नववीच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर ओल आहे. गच्चीवरचे पन्हाळ पानांनी बुजले आहे. ग्रंथालयाची दोन कपाटे उघडत नाहीत, कारण बिजागऱ्या गंजल्या आहेत. मराठी माध्यमाच्या, आपल्या वेळी ज्या चार तुकड्या होत्या, त्यांच्या आता दोन आहेत. आजचे सर आणि बाई जे काही करत आहेत ते तुटपुंज्या साधनांत करत आहेत, आणि त्याबद्दल त्यांना आपण उभे राहून नमस्कार केला पाहिजे.

कोर्लईच्या त्या उघड्या चॅपेलमध्ये एक गोष्ट अजून भक्कम उभी आहे, आणि ती म्हणजे कमान. छप्पर गेले, वेदी गेली, माणसे गेली, कमान आहे. कमान टिकायला माणूस लागत नाही. ती दगडांच्या एकमेकांवरच्या दाबाने उभी राहते. छपराला मात्र दरवर्षी माणूस लागतो. आपला पैसा आणि आपला वेळ ज्याला माणूस लागतो त्याला द्यावा, असे माझे नम्र म्हणणे आहे.

म्हणून माझी सूचना अशी. जमलेल्या निधीची एक कायम ठेव करावी आणि तिच्या व्याजाला हात फक्त देखभालीसाठी लावावा. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका बॅचची पाळी असावी. त्या बॅचने इथे यावे, गच्ची पाहावी, पन्हाळे साफ करून घ्यावीत, विजेची जोडणी तपासून घ्यावी, ग्रंथालयातली फाटकी पुस्तके बांधायला द्यावीत, आणि जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन चार आईबापांशी बोलावे की आम्ही इथे मराठीत शिकलो, आमचे काही बिघडले नाही. जे परदेशात आहेत त्यांनी त्या दिवसाच्या जेवणाचा खर्च उचलावा. काम झाल्यावर नोंदवहीत लिहावे: काय दुरुस्त केले, काय राहिले, पुढच्या बॅचने आधी काय पाहावे. त्या वहीला आपण 'शाकारणी वही' म्हणू. पंचवीस वर्षांनी ती वही चाळणाऱ्याला या इमारतीचा खरा इतिहास त्यात सापडेल, कोनशिलेवर सापडतो त्याहून जास्त.

कमान हवीच असेल तर तीही करू, पण ठेव झाल्यावर उरलेल्या पैशातून.

पहिली पाळी कुणाची, यावर वाद होऊ नये म्हणून मी माझ्या बॅचच्या मैत्रिणींना आणि मित्रांना विचारून आले आहे. आमच्या बॅचने पहिले वर्ष घेतले आहे. येत्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही इथे असू. शिडी मी आणते आहे. ज्यांचे गुडघे अजून चांगले आहेत त्यांनी यावे, आणि ज्यांचे नाहीत त्यांनी खाली उभे राहून शिडी धरावी.